नळाचं कुलूप काढा: आमच्या कॉलनी विकास मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
कॉलनी विकास मंडळ.
प्रत माहितीसाठी: मुख्याधिकारी, नगरपालिका.

आदरणीय आप्पा, सचिव भाऊ आणि मंडळातल्या सगळ्या दादा-वहिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी तिसऱ्या गल्लीतली, ओपन स्पेससमोरच्या घरात राहणारी. घरीच शिवणकाम करते. माझं मशीन खिडकीला लागून आहे आणि खिडकी रस्त्यावर उघडते, त्यामुळे सकाळपासून कॉलनीत कोण आलं, कोण गेलं हे मान वर न करताही मला कळतं. गेल्या आठवड्यात मंदिरामागच्या नळाला सचिव भाऊंनी साखळी घालून कुलूप लावलं, तेही मी मशीनवरूनच पाहिलं. संध्याकाळी भिंतीवर पाटी आली: 'हे पाणी फक्त रहिवाशांसाठी आहे. सफाई कर्मचारी व घंटागाडीवाल्यांनी येथे पाणी पिऊ नये, हातपाय धुऊ नये, बसू नये.'

त्या दिवशी मी गप्प राहिले. दोन रात्री झोप लागली नाही. कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं असतं तर चार अंगठे आले असते, दोघं चिडले असते आणि रात्रीपर्यंत ते कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गेलं असतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे. कारण अशी पाटी फक्त आपल्याच कॉलनीत लागलेली नाही, हे मला कपडे शिवायला येणाऱ्या बायकांकडून कळतं.

याच ओपन स्पेसमध्ये १ मेला आपण झेंडावंदन केलं. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच दिवशी येतो, तर या वेळी सफाई कामगारांचा सत्कार करू, ही कल्पना आप्पा, तुमचीच होती आणि मला ती मनापासून आवडली होती. चौघांना बोलावलं. घंटागाडीवरच्या दोघी, गटारी काढणारे काका आणि गाडीचा ड्रायव्हर. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल दिलं. तुम्ही बोललातही चांगलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. कार्यक्रम आटोपल्यावर दोघींमधल्या मोठ्या ताईंनी शाल खांद्यावरून काढून तिची नीट घडी घातली, नारळ पिशवीत ठेवला आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "ताई, जरासं पानी शे का वं?"

साडेनऊ वाजले होते, ऊन चढलं होतं. चहाचे कप मोजून सभासदांपुरते आणले होते, त्या चौघांना कुणी मोजलंच नव्हतं. मी घरातून तांब्या आणला. तेव्हा मी मनाशी म्हटलं, घाईत राहून गेलं असेल. पण त्यानंतर दोन आठवडेही झाले नाहीत आणि नळाला कुलूप लागलं. मग मला तो तांब्या पुन्हा पुन्हा आठवायला लागला.

आप्पा, आपण खान्देशातली माणसं. मे महिना म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. पारा ४४-४५ वर जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका, असं प्रशासन दरवर्षी बजावतं. घंटागाडीची फेरी सकाळी सहाला सुरू होते. आपण गावाच्या टोकाला, म्हणून आपल्याकडे ती पोचते साडेदहा-अकराला. आपल्यापुढे अजून दोन वसाहती, मग कचरा डेपो. म्हणजे या माणसांचं काम सुटतं ते एकच्या पुढे, पत्र्याच्या तापलेल्या गाडीवर, कचऱ्याच्या वाफेत. या सगळ्या वाटेवर प्यायच्या पाण्याचा उघडा नळ एकच होता. तो आपल्या मंदिरामागे होता.

उष्माघात काही सांगून येत नाही. अंगातलं पाणी कमी होत जातं, डोकं जड होतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो, आणि मग तो जिथे असेल तिथे कोसळतो. उद्या आपल्या गल्लीत कुणी असं पडलं, तर त्या पाटीखाली उभं राहून आपण काय सांगणार आहोत?

कुलूप लागल्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट सांगते. त्याच ताई माझ्या खिडकीशी आल्या. उजव्या हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, पिशवीत रक्त साचलेलं.

"हातले काय व्हयनं?" मी विचारलं.

"काच लागनी, माय."

एरवी त्या नळावर गेल्या असत्या. नळाला कुलूप म्हणून माझ्याकडे आल्या. मी त्यांना ओट्यावर बसवलं, दोन तांबे पाणी हातावर ओतलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या मऊ जागेत काचेचा तुकडा रुतला होता, नखाएवढाही नसेल, पण उभा गेलेला. मी शिवणकामाच्या चिमट्याने तो काढला. त्या ओरडल्या नाहीत, फक्त डावा हात ओट्याच्या कडेवर घट्ट दाबून धरला. ब्लाऊजच्या अस्तरासाठी आणलेल्या कोऱ्या सुती कापडाची पट्टी फाडून मी हात बांधला. त्यांच्याकडे हातमोजा होता. एकच, कापडी, दोन बोटं उसवलेला. काळ्या पिशवीत शिळा भात, भाजीचे देठ आणि त्यात फुटलेली बाटली. पिशवीला वरून छान गाठ मारलेली. गाठ मारणारे हात आपल्याच कॉलनीतले.

मी म्हटलं, आत्ताच दवाखान्यात चला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल. त्या म्हणाल्या, सुटी झाल्यावर जाईन, आता गेले तर खाडा पडेल. आणि मुकादमाला सांगू नका, एवढं दोनदा सांगितलं. मी त्यांचं नाव इथे लिहीत नाही त्याचं कारण हेच आहे. त्यांना नाव नाही असं मात्र कुणी समजू नका. आपल्या गल्लीत त्या चार वर्षं येतात. आपल्यापैकी किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे?

आता माझी स्वतःची चूक. वडिलांना शेवटची सहा वर्षं इन्सुलिन चालू होतं. त्या सुया मी कुठे टाकायचे? कचऱ्याच्या डब्यात. टोपण सापडलं तर लावून, नाही सापडलं तर तशीच. सहा वर्षांत ती सुई कुणाच्या हातात गेली असेल, हा विचार एकदाही माझ्या मनात आला नाही. घरातल्या वापरलेल्या सुया, मुदत संपलेली औषधं, फुटलेले दिवे हे घरगुती घातक कचऱ्यात मोडतात आणि ते वेगळे द्यायचे, हे २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून चालत आलेलं आहे. ओला, सुका आणि घातक कचरा वेगवेगळा करून देणं हे आपलं, कचरा करणाऱ्याचं काम आहे, घंटागाडीवाल्यांचं नाही. मला हे त्या दिवशी हात बांधल्यानंतर शोधून वाचावंसं वाटलं. सहा वर्षं उशिरा. म्हणून या पत्रात जिथे मी 'आपण' म्हणते तिथे मी स्वतःला बाहेर ठेवलेलं नाही.

मला हे सगळं इतकं का लागलं, तेही सांगते.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. बरीच वर्षं त्यांच्याकडे मुक्कामी गाडी होती. चोपड्याच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याचं एक लहान गाव. रात्री साडेआठला गाडी तिथे पोचायची आणि पहाटे साडेपाचला परत निघायची. ज्यांनी मुक्कामी गाडी पाहिली आहे त्यांना माहीत असेल, त्या गावांत ड्रायव्हर-कंडक्टरला राहायला खोली नसे. गाडीतच सीटवर झोपायचं. पण वडील क्वचितच गाडीत झोपले. गाडी पारावर लागली की एका घराच्या ओट्यावर दोन खाटा टाकलेल्या असायच्या. शेजारी माठ. वर तांब्या पालथा. जेवण आज या घरातून, उद्या त्या घरातून. दादर ज्वारीची भाकरी, ठेचा, कधी पातोड्यांची भाजी, काहीच नसलं तर भाकरीवर तेल-तिखट. थंडीत पहाटे कुणीतरी इंजिनात ओतायला गरम पाण्याची बादली आणून द्यायचं. गावात कुणीही वडिलांना कधी 'धन्यवाद' म्हटलं नाही, आणि वडिलांनीही त्यांना म्हटलं नाही. बाळंतीण अडली की रात्री बारालाही गाडीच्या पत्र्यावर थाप पडायची. एकदा वडिलांनी वरिष्ठांना न विचारता गाडी काढली आणि बाई दवाखान्यात पोचवली. त्याचा मेमो त्यांनी आयुष्यभर जपून ठेवला होता.

वडील गेले तेव्हा गंधमुक्तीच्या दिवशी त्या गावातून सात माणसं आली. निवृत्तीला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. त्यातले एक म्हातारे बाबा आमच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "ड्रायव्हरसाहेबांचा माठ आम्ही अजून भरतो." आता तिथे मुक्कामी गाडी आहे की नाही, मी विचारलं नाही. माठ भरतात एवढंच ऐकलं.

मी हे त्या गावाचं कौतुक म्हणून सांगत नाही. त्यांच्याकडे आपल्यापेक्षा पाणी जास्त नव्हतं. बायका विहिरीवरून डोक्यावर आणत होत्या.

आपल्याकडे आभार शब्दांत मानायची रीत जुनी नाही. घरात आईला कुणी 'धन्यवाद' म्हणत नाही. आपले आभार वेगळे असतात. दारात माणूस आला की पहिला प्रश्न, पाणी घेणार ना? उन्हातून आला असेल तर गुळाचा खडा आणि तांब्या. लग्नाच्या पंगतीपासून मयताच्या घरापर्यंत हे चुकत नाही. सरकारी साहेब आला, बँकेचा माणूस आला, कुरिअरवाला आला तरी आपण विचारतो. मग रोज आपल्या दारातली घाण उचलणाऱ्या माणसाशीच ही रीत का तुटते?

या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमच्या घरी घागर भरली असेल, माझ्याही घरी भरली. मातीच्या घागरीत पाणी, वर लहान मडकं, त्यावर डांगर (खरबूज) आणि आंबा, पितरांच्या नावाने. मी वडिलांच्या नावाने भरते. उन्हाळ्यात आपली गेलेली माणसं तहानलेली राहू नयेत एवढीच त्यामागची माया आहे. अखाजी होऊन पुरता महिना झाला नाही, आणि जिवंत माणसांच्या तोंडचं पाणी आपण कुलपात ठेवलं. आप्पा, मला हे कुठल्याच बाजूने जुळवता येत नाही.

पाटीच्या भाषेबद्दल बोलणं मला सगळ्यात जड जातं, पण टाळता येणार नाही. 'फक्त रहिवाशांसाठी' एवढंच लिहिलं असतं तर ते कंजूषपणाचं ठरलं असतं. तुम्ही कोणी पाणी पिऊ नये ते नाव घेऊन लिहिलंत. दूधवाला पितो, इस्त्रीवाला पितो, बांधकामावरचे गवंडी पितात, त्यांच्याबद्दल पाटीवर अक्षर नाही. हे काम आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या कुणाच्या माथी मारलं, ते आपल्याला माहीत आहे, आणि पाटी वाचणाऱ्याला तर ते आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते १९२७ साली. आपल्या अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केलं. आपल्या ओपन स्पेसमधल्या मंदिरातही विठ्ठलच आहे. त्याच्याच मागच्या भिंतीवर ही पाटी आहे. तुमच्या मनात तसं काही नव्हतं असं तुम्ही म्हणाल, आणि आप्पा, मी तुम्हाला लहानपणापासून ओळखते, मी ते मान्यही करीन. पण पाटीवर आपलं मन लिहिलेलं नसतं, तिथे फक्त अक्षरं असतात. काही घरांच्या गेटवर खुंटीला अडकवलेला वेगळा स्टीलचा ग्लासही मी पाहते. तोही काढा.

कुलूप लावायचा अधिकार मंडळाला मुळात आहे का, हाही प्रश्न आहे. ओपन स्पेस ही लेआउटमध्ये सगळ्यांसाठी सोडलेली जागा आहे, कुणाच्या मालकीची नाही. तिथली कूपनलिका नगरपालिकेच्या पैशातून झाली, त्या वेळी नारळ फोडताना मी तिथे होते. सार्वजनिक पैशाचं पाणी सार्वजनिक काम करणाऱ्यालाच नाही, हे कोणत्या ठरावाने?

तुमची बाजूही मी ऐकली आहे, ती सोडून देत नाही. नळाखाली चिखल होतो, खरं आहे. गाडी उशिरा येते, कधी दोन-दोन दिवस येत नाही, तेही खरं आहे, आणि त्याचा त्रास मलाही होतो. दिवाळीला पैसे मागतात, असंही सचिव भाऊ म्हणाले. चिखल होतो कारण नळाखाली फरशी नाही आणि पाणी जायला नाली नाही, त्याला कुलूप हे उत्तर नाही. गाडी येत नाही तेव्हा तक्रार करायलाच हवी. आभार मानायचे म्हणजे वाईट कामाकडे डोळेझाक करायची, असं मी म्हणतच नाही. पण तक्रार ठेकेदाराकडे, आरोग्य विभागाकडे, लेखी. गाडीवरच्या बाईला गल्लीत उभं करून, "फुकटचा पगार खाता का?" असं ओरडून नाही. गाडी बंद पडते ती तिच्यामुळे नाही. आणि फुकटच्या पगाराचं म्हणाल, तर तो वेळेवर होतो का, हे एकदा तिलाच विचारा.

"त्यांना पगार मिळतो ना, मग आभार कशाचे?" हे वाक्य मी बैठकीतल्या दोघांच्या तोंडून ऐकलं. पगार मिळतो, मान्य. डॉक्टरलाही फी मिळते, तरी बरं झाल्यावर आपण त्यांना पेढे नेऊन देतो. शिक्षकाला पगार मिळतो, तरी वाकून नमस्कार करतो. हा हिशोब नेमका झाडू आणि गटारीपाशी आल्यावरच आपल्याला आठवतो.

हे फक्त घंटागाडीपुरतं नाही. आपल्याकडे पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. व्हॉल्व्ह फिरवायला येणारा माणूस पहाटे तीनला मोटरसायकलवर येतो, खड्ड्यात उतरतो, गुडघाभर चिखलात हात घालून लोखंडी चावी फिरवतो. पाणी आलं नाही की ग्रुपवर त्याच्या आईवरून शिव्या पडतात. मी वाचल्या आहेत, त्या कुणी लिहिल्या तेही मला माहीत आहे. पाणी किती सोडायचं, कधी सोडायचं, हे त्या माणसाच्या हातात नाही. धरणात किती, पंपिंगला वीज होती का, वाटेत पाइप कुठे फुटला, हे त्याच्या वर ठरतं. त्याच्या हातात फक्त ती चावी आहे.

मागच्या उन्हाळ्यात वादळ झालं, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या झाल्या, आपल्याकडे डीपीवर झाड पडलं. रात्री अकराला लाइनमन आला. महावितरण त्यांना 'जनमित्र' म्हणतं. पावसात ओल्या खांबावर चढून त्याने पहाटेपर्यंत काम केलं. त्या रात्री कॉलनीत सोळा जणांनी त्याला फोन केला, एवढंच विचारायला की अजून किती वेळ. चहा एकाही घरातून गेला नाही. माझ्याही नाही. मी झोपले होते. सकाळी पंखा सुरू झाला तेव्हा मला जाग आली.

आशा ताई कोरोनात दारोदार फिरून ऑक्सिजन मोजत होत्या तेव्हा आपण गेटच्या आतून, खिडकीतून बोट पुढे केलं. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाचला आपण सगळे गच्चीवर होतो, थाळ्या वाजवल्या, मीही वाजवली, डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पाणी खोटं नव्हतं. ते पाच मिनिटांत आटलं, एवढंच.

आता माझ्या मागण्या. मंडळाकडे आधी.

कुलूप काढा आणि पाटी उतरवा. आधी हे दोन्ही करा, मग बाकीचं बोलू. रंगाने पाटी पुसू नका, अक्षरं खालून दिसत राहतात. उतरवूनच ठेवा.

नळाखाली फरशी आणि नाली करा. त्याला लागणाऱ्या खर्चात मी माझ्या दोन महिन्यांच्या शिलाईतून पाचशे रुपये देते, पावती द्या. मंदिराच्या मंडपात किंवा कडुनिंबाखाली एक बाक ठेवा, आणि त्यावर कुणी बसायचं ते लिहू नका.

घरोघरी कचरा वेगवेगळा करून द्यायचा, हे मंडळाने ठराव करून सांगावं. फुटलेली काच जाड कागदात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून, वर ठळक अक्षरांत 'काच' लिहून हातात द्यायची. सुया रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून. हे शिकवायला कुणी बाहेरून यायला नको. दर रविवारी दुपारी चारला माझ्या ओट्यावर या, मी दाखवते. अंगणवाडीच्या मदतनीस ताईंनाही मी विचारलं आहे, त्याही येणार आहेत.

ग्रुपवर कुणाही कर्मचाऱ्याला शिवी दिली तर ती काढायला लावायची, आणि तक्रार असेल तर ती कुठे करायची तो नंबर ग्रुपच्या वर लावून ठेवायचा. व्हॉल्व्हवाल्या दादांचा खाजगी नंबर फिरवणं बंद करा.

आणि नावं. चारही जणांना त्यांच्या नावाने, पुढे ताई, दादा, काका लावून हाक मारायची. 'ए कचरेवाली' ही हाक आपल्या गल्लीत लहान मुलांच्या तोंडी आली आहे. ती मुलं कुणाकडून शिकली हे आपल्याला कळतं.

मुख्याधिकारी साहेब, तुमच्याकडे तीन गोष्टी मागते. हातमोजे, गमबूट, मास्क, रेनकोट आणि चमकणारं जाकीट हे कामगारांना मिळतं की नाही ते नगरपालिकेने पाहायचं आहे, हे त्याच २०१६ च्या नियमांपासून चालत आलेलं आहे. ते ठेक्याच्या कागदावर दिलेले दिसतात की हातात, ते एकदा सकाळी सहाला हजेरीच्या जागी येऊन पाहा. दुसरं, ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने, म्हणजे इथे नगरपालिकेने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेलं आहे. पगार दर महिन्याला ठरलेल्या तारखेला खात्यात जमा झाला की नाही, हे पाहिल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नका. तिसरं, एप्रिल-मे-जूनमध्ये घंटागाडीची फेरी तासभर आधी सुरू करा, आणि प्रत्येक गाडीवर पाण्याचा वीस लिटरचा जार व प्रथमोपचाराची पेटी ठेवा. काच लागली म्हणून उपचाराला गेलेल्या बाईचा खाडा धरला जाऊ नये, असा लेखी आदेश काढा.

हे पत्र वाचून कुणी त्या ताईंना "तूच सांगितलंस का?" असं विचारायला जाईल, ही भीती मला आहे. त्यांनी मला काही सांगितलेलं नाही. त्यांनी फक्त पाणी मागितलं होतं. विचारायचं असेल ते मला विचारा, माझी खिडकी दिवसभर उघडी असते.

कालपासून मी माझ्या गेटबाहेर, बाभळीच्या सावलीत, वडिलांच्या वेळचा माठ ठेवला आहे. घडवंची सुताराकडून नीट करून घेतली. सकाळी सहाला भरते, अकराला पुन्हा भरते. आज गटारीवाले काका, लाइनमन आणि एक पोस्टमन दादा पाणी पिऊन गेले. पण एका माठाने दोन गल्ल्याही भागत नाहीत, आणि नळ पन्नास पावलांवर आहे.

येत्या रविवारी संध्याकाळी सहाला मंडळाची बैठक आहे. मी येणार आहे, माझ्याबरोबर तिसऱ्या गल्लीतल्या नऊ बायका येणार आहेत. हा विषय पहिला घ्या. सचिव भाऊ, किल्ली तुमच्याकडे आहे, येताना घेऊन या.

आपली नम्र,
तिसऱ्या गल्लीतली शिवणकामवाली,
एका एसटी ड्रायव्हरची मुलगी